समीकरण सोडवण्याआधी वाचायचं कसं?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर डिस्चार्ज होणाऱ्या कॅपॅसिटरची घसरती रेषा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "रेझिस्टर दुप्पट केला तर ही रेषा कशी दिसेल?" मी लगेच पेन उघडलं आणि डिफरन्शियल इक्वेशन, म्हणजे बदलाच्या वेगाचं समीकरण, मांडायला घेतलं. ते म्हणाले, "सोडवू नकोस, बघून सांग." मला सांगता आलं नाही. आदल्याच महिन्यात असली समीकरणं मी पेपरात धडाधड सोडवली होती आणि मार्कही चांगले पडले होते.

उत्तर एका ओळीचं होतं. ओहमला फॅरडने गुणलं की सेकंद मिळतात. त्या सर्किटमध्ये दडलेला वेळ तो एवढाच, दुसरा नाही. रेझिस्टर दुप्पट केला की तो वेळ दुप्पट होतो, म्हणजे तीच रेषा दुपटीने आडवी ताणलेली दिसते.

गणित सोडवणं हे एक काम आणि गणित वाचणं हे दुसरं. शाळेपासून आपला सगळा सराव पहिल्याचा. पण समीकरण सोडवायचं काम आता संगणकही करून देतो. वाचायचं काम ज्याचं त्यालाच करावं लागतं. भौतिकशास्त्राच्या किंवा इंजिनिअरिंगच्या पदवीला पहिल्या दोन वर्षांत जे गणित लागतं, ते या वाचण्याच्या अंगाने कसं शिकता येईल ते इथे सांगतो.

आधी एककांकडे बघा

लंबकाच्या एका झोक्याला लागणारा वेळ कशाकशावर अवलंबून असेल? दोरीची लांबी, गुरुत्वीय त्वरण आणि टोकाच्या गोळ्याचं वस्तुमान, एवढेच ठळक उमेदवार. लांबी मीटरमध्ये, त्वरण मीटर भागिले सेकंदाचा वर्ग, वस्तुमान किलोग्रॅममध्ये. आपल्याला हवेत सेकंद. लांबीला त्वरणाने भागलं की मीटर उडतात आणि सेकंदाचा वर्ग उरतो. त्याचं वर्गमूळ घेतलं की झालं. किलोग्रॅमला मात्र सूत्रात शिरायला जागाच नाही, कारण ते घालवणारं दुसरं काही यादीत नाही. म्हणजे गोळा जड असो की हलका, झोक्याचा वेळ तोच. न्यूटनचा नियम लावला नाही, समीकरण मांडलं नाही, तरी बरंचसं उत्तर हातात आलं. राहिला तो पायच्या (π) दुपटीचा गुणक. तो या वाटेने मिळत नाही, त्याच्यासाठी खरंच गणित करावं लागतं. कोनाला एकक नसतं, म्हणून तोही या चाळणीतून निसटतो. त्याच्याकडे पुढे येऊ.

या युक्तीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं. १६ जुलै १९४५ ला अमेरिकेत पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली. किती ऊर्जा बाहेर पडली हे गुपित होतं. पण आगीच्या गोळ्याचे फोटो १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांवर वेळ आणि मोजपट्टी छापलेली होती. टेलरने १९५० मध्ये छापलेल्या निबंधात त्यांवरून ऊर्जा काढून दाखवली. त्याचा सिद्धान्त पुष्कळ सखोल होता, पण त्याचा गाभा आपल्यालाही पाच मिनिटांत काढता येतो.

गोळा किती वाढला हे तीन गोष्टींवर ठरणार: ऊर्जा, भोवतालच्या हवेची घनता आणि उलटलेला वेळ. ज्यूल म्हणजे किलोग्रॅम गुणिले मीटरचा वर्ग भागिले सेकंदाचा वर्ग. किलोग्रॅम फक्त घनतेतून येऊ शकतात, म्हणून घनता एकदा घ्यायची. घनतेत मीटरचा घन खाली असतो. तो फेडून वर मीटरचा वर्ग उरायला हवा, म्हणून त्रिज्येचा पाचवा घात. खाली वेळेचा वर्ग. झालं सूत्र: घनता गुणिले त्रिज्येचा पाचवा घात, भागिले वेळेचा वर्ग. स्फोटानंतर ०.०२५ सेकंदाला त्रिज्या साधारण १४० मीटर होती. घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली तर उत्तर येतं सुमारे १० चा १४ वा घात इतके ज्यूल. टीएनटी या स्फोटकाच्या एक हजार टनांचे सुमारे ४.२ गुणिले १० चा १२ वा घात इतके ज्यूल होतात, म्हणजे हा स्फोट जवळपास २५ हजार टनांचा. टेलरचे स्वतःचे आकडे साधारण १७ ते २४ हजार टनांच्या दरम्यानचे होते. समोरचा गुणक एकच्या आसपास निघाला हे आपलं नशीब. तसं नेहमी होत नाही, पण भौतिकशास्त्रात बऱ्याचदा होतं.

एककं न पाहण्याची किंमतही मोठी असते. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळापाशी पोचलं आणि हरवलं. जमिनीवरच्या एका प्रोग्रॅममधून थ्रस्टरच्या ढकलीचे आकडे पाउंडांच्या हिशेबात बाहेर पडत होते आणि पुढचा प्रोग्रॅम ते न्यूटनच्या हिशेबात वाचत होता. फरक सुमारे ४.४५ पटींचा. गणिताच्या सगळ्या पायऱ्या बरोबर असूनही यान गेलं.

रोजच्या वापरासाठी यातला एक नियम मनात कोरून ठेवा: साइन, लॉग आणि घातांक यांच्या आत जे काही बसतं ती निव्वळ संख्या असली पाहिजे. "ई चा उणे वेळ इतका घात" असं कुणी लिहिलं की विचारायचं, कुठला वेळ? सेकंद की तास? त्या वेळेला कशाने तरी भागायलाच हवं, आणि ज्याने भागता तोच त्या सर्किटचा, त्या स्प्रिंगचा, त्या निवणाऱ्या वस्तूचा स्वतःचा वेळ. तोंडी परीक्षेत मला नेमकं हेच सांगता आलं नव्हतं.

टोकाला नेऊन बघा

उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं त्वरण काढताना साइन घ्यायचा की कोसाइन? पाठ करणारे विद्यार्थी आठवायचा प्रयत्न करतात आणि निम्म्या वेळा चुकतात. उतार सपाट करून बघा. कोन शून्य, ठोकळा हलणार नाही, त्वरण शून्य. शून्याला शून्य होतो तो साइन. संपलं.

कप्पीवरून टाकलेल्या दोरीच्या दोन टोकांना दोन वजनं बांधली आहेत. उत्तर असं येतं: वस्तुमानांची वजाबाकी भागिले त्यांची बेरीज, गुणिले गुरुत्वीय त्वरण. बरोबर आहे का? दोन्ही वजनं सारखी करा, वरची वजाबाकी शून्य होते आणि काहीच हलत नाही. एक वजन काढून टाका, दुसरं मुक्तपणे पडतं. दोन्ही वजनांची अदलाबदल करा, चिन्ह उलटतं. तिन्ही ठिकाणी सूत्र टिकलं. चुकून छेदात वजाबाकी आली असती, तर सारख्या वजनांना त्वरण अनंत झालं असतं आणि चूक तिथेच सापडली असती.

या तपासणीसाठी एक पथ्य पाळावं लागतं: आकडे शेवटपर्यंत घालायचे नाहीत. पहिल्याच ओळीत ९.८ आणि ३ किलो घातले की पुढे नुसते आकडे राहतात, आणि आकड्याला कुठल्याच टोकाला नेता येत नाही. अक्षरं ठेवली तर प्रत्येक ओळ तपासता येते. शाळेची सवय मोडायला महिना-दोन महिने जातात, पण हा बदल मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडला.

लहान म्हणजे किती लहान?

आता लंबकाचा कोन. पुस्तकात एक ओळ येते, "कोन लहान असल्यास साइन थीटा म्हणजेच थीटा", आणि आपण मान डोलावून पुढे जातो. थांबून आकडे घातले पाहिजेत. १० अंश म्हणजे ०.१७४५ रेडियन आणि त्याचा साइन ०.१७३६, फरक अर्धा टक्का. ३० अंशांना ०.५२३६ आणि ०.५, फरक पावणेपाच टक्के. "लहान" हा शब्द सापेक्ष आहे, आणि कुठे थांबायचं हे तुम्हाला किती अचूकता हवी त्यावर ठरतं.

लंबकाचा वेळ किती वाढतो त्याची पहिली दुरुस्ती कोनाच्या वर्गाला १६ ने भागून मिळते. २० अंशांपर्यंत झुलणाऱ्या लंबकाला ती पाऊण टक्क्याच्या थोडी वर भरते. किरकोळ वाटतं ना? अगदी छोट्या झोक्याला जुळवलेलं घड्याळ २० अंशांनी झुलवलं तर दिवसाला जवळपास ११ मिनिटं मागे पडेल.

अशा दुरुस्त्या एकामागून एक मिळवण्याचं यंत्र म्हणजे टेलर सिरीज. हा टेलर वेगळा, ब्रूक टेलर, त्याने ती १७१५ मध्ये मांडली. गणिताच्या तासाला ती अनंत पदांची मालिका म्हणून भेटते आणि ती कुठवर अभिसारी आहे, म्हणजे तिची बेरीज कुठवर एका आकड्याशी स्थिरावते, यावर प्रश्न येतात. व्यवहारात पहिली दोन पदं लागतात, क्वचित तिसरं. एकात छोटी संख्या मिळवून कुठलाही घात घेतला, तर उत्तर साधारण एक अधिक घातांक गुणिले ती छोटी संख्या. १.०२ चा पाचवा घात? १.१० च्या आसपास. खरं उत्तर १.१०४. एवढ्याने त्रिज्या मोजण्यातली दोन टक्के चूक जी. आय. टेलरच्या स्फोटाच्या सूत्रात दहा टक्के होऊन बसते, हेही लगेच दिसतं.

पण टेलर सिरीजची खरी करामत दुसरीकडे आहे. स्थितिज ऊर्जेचा कुठलाही गुळगुळीत खड्डा घ्या, वेडावाकडा का असेना. तळाशी उतार शून्य असतो, म्हणून पहिलं पद गायब. उरतं ते वर्गाचं पद, म्हणजे पॅराबोला, म्हणजे स्प्रिंग. म्हणून रेणूतले अणू, पुलाचा गर्डर, लंबक आणि क्रिस्टलची जाळी या सगळ्यांच्या धड्यांत तीच स्प्रिंग पुन्हा पुन्हा येते. पहिल्या वर्षी मला वाटायचं, पुस्तक लिहिणाऱ्यांना दुसरं उदाहरणच सुचत नाही.

हाताने पावलं टाका

डिफरन्शियल इक्वेशन सोडवण्याच्या डझनभर पद्धती शिकवतात. माझं मत विचाराल तर पदवीच्या भौतिकशास्त्रात तीन वागणुका ओळखता आल्या की बरंच काम भागतं: घसरणं, झुलणं आणि झुलत झुलत घसरणं. बदलाचा वेग स्वतःच्याच उणे प्रमाणात असेल तर वस्तू घसरते. त्वरण स्थानाच्या उणे प्रमाणात असेल तर झुलते. त्यात वेगाच्या उणे प्रमाणातलं घर्षण मिसळलं की तिसरी वागणूक. घर्षण फार वाढवलं की झुलणं बंद पडतं आणि पुन्हा नुसतं घसरणं उरतं.

ओळख पक्की करायची तर एकदा तरी समीकरण हाताने चालवून बघा. कॅपॅसिटरवर १ व्होल्ट आहे आणि सर्किटचा वेळ १ सेकंद. समीकरण म्हणतं, आत्ता जितका व्होल्टेज आहे त्याच दराने तो कमी होतोय. ०.१ सेकंदाचं पाऊल टाका, व्होल्टेजचा दहावा हिस्सा जातो. १, मग ०.९, मग ०.८१, मग ०.७२९. दहा पावलांनी, म्हणजे एका सेकंदाने, ०.३४९ उरतो. पाऊल ०.०१ चं करा, तर ०.३६६. हजार पावलं टाका, तर ०.३६७७. आकडा ०.३६७९ पाशी स्थिरावायला लागतो, आणि तोच एक भागिले ई. ई ही संख्या माझ्यासाठी तोवर कॅल्क्युलेटरवरचं एक बटण होती. त्या संध्याकाळी ती वहीच्या पानावर रांगत रांगत आली.

आता खोडी काढा. पाऊल २.५ सेकंदांचं टाका. १ व्होल्टमधून २.५ वजा, उणे १.५. पुढचं पाऊल, अधिक २.२५. मग उणे ३.३७५. शांतपणे शून्याकडे जाणारा कॅपॅसिटर कागदावर उड्या मारत अनंताकडे निघाला. समीकरणात खोट नाही, सर्किटमध्येही नाही. पाऊल सर्किटच्या स्वतःच्या वेळेपेक्षा फार मोठं पडलं, इतकंच. कुठल्याही सिम्युलेशनमध्ये असला उड्या मारणारा आलेख आला की आधी पावलाचा आकार बघायचा, हे शहाणपण मला महागड्या सॉफ्टवेअरऐवजी या चार ओळींतून मिळालं.

संगणकाच्या आकड्यांवर आंधळा विश्वासही ठेवू नये. दहावा भाग, म्हणजे ०.१, द्विमान पद्धतीत कधीच संपत नाही, तो कुठेतरी तोडावा लागतो. आखाती युद्धात फेब्रुवारी १९९१ मध्ये सौदी अरेबियातल्या धहरान इथल्या पॅट्रियट या क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजत होतं. यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू राहिल्यावर ती इवलीशी तूट ०.३४ सेकंदांवर गेली. येणारं स्कड क्षेपणास्त्र तेवढ्या वेळात अर्धा किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. ते अडवता आलं नाही आणि २८ सैनिक मेले.

नाव काल्पनिक, काम रोकडं

उणे एकच्या वर्गमुळाला, म्हणजे आय ला, "काल्पनिक" म्हणणाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्यांचं नुकसान केलं. त्याच्याकडे संख्या म्हणून बघण्याऐवजी कृती म्हणून बघा: पाव वळण. एखाद्या बाणाला आय ने गुणलं की तो ९० अंशांत वळतो. दोनदा गुणलं की तोंड उलट दिशेला, म्हणजे उणे एक. यात गूढ काही नाही.

आता सतत फिरणारा बाण घ्या. त्याची आडवी सावली कोसाइनसारखी झुलते. या बाणाचं विकलन करायचं, म्हणजे त्याच्या बदलाचा वेग काढायचा, म्हणजे त्याला आय आणि फिरण्याच्या वेगाने गुणायचं, बस्स. झुलणाऱ्या वस्तूचा वेग तिच्या स्थानाच्या पाव वळण पुढे का असतो आणि त्वरण बरोबर उलट का, हे एका चित्रात दिसतं. आणि मोठा फायदा असा की विकलनाच्या जागी साधा गुणाकार आला, त्यामुळे डिफरन्शियल इक्वेशनचं बीजगणित झालं. चार्ल्स स्टाइनमेट्झ या इंजिनिअरने १८९३ मध्ये शिकागोच्या विद्युत परिषदेत एसी सर्किटांसाठी ही पद्धत मांडली आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअरांची पानंच्या पानं आकडेमोड वाचवली.

एक छोटं उदाहरण. १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ५० हर्ट्झला सुमारे ३१८ ओहम अडथळा करतो. त्याच्या जोडीला सिरीजमध्ये ३१८ ओहमचा रेझिस्टर लावला, तर एकूण ६३६ होणार का? नाही. एक बाण आडवा आणि एक उभा आहे, त्यामुळे बेरीज काटकोन त्रिकोणाच्या कर्णाएवढी, सुमारे ४५० ओहम, आणि करंट व्होल्टेजच्या ४५ अंश पुढे. पायथागोरस एवढ्या पुढच्या इयत्तेत भेटेल असं वाटलं नव्हतं.

दोन वस्तू, तीन स्प्रिंगा

मॅट्रिक्स बहुतेकांना कोष्टकासारखी भेटते. आडव्या ओळी, उभे स्तंभ, गुणाकाराची किचकट रीत, आणि मग एके दिवशी आयगेनव्हॅल्यू नावाचं प्रकरण, ज्यात डिटरमिनंट शून्य ठेवून उत्तरं काढतात. कशासाठी, ते कुणी सांगत नाही. मला ते या एका खेळण्यातून कळलं.

दोन सारख्या वस्तू एका ओळीत. डावीकडे भिंत, मग स्प्रिंग, वस्तू, स्प्रिंग, वस्तू, स्प्रिंग, उजवीकडे भिंत. तिन्ही स्प्रिंगा सारख्या. पहिल्या वस्तूला ढकललं की मधल्या स्प्रिंगमुळे दुसरीही हलते, ती परत पहिलीला हलवते, आणि समीकरणं एकमेकांत गुंततात. पहिल्याच्या समीकरणात दुसऱ्याचं स्थान, दुसऱ्याच्या समीकरणात पहिल्याचं.

आता प्रश्न बदला. पहिली कुठे, दुसरी कुठे, हे विचारू नका. दोघींच्या विस्थापनांची बेरीज किती आणि वजाबाकी किती, हे विचारा. दोन्ही समीकरणांची बेरीज केली की मधली स्प्रिंग पार गळून जाते आणि उरतं एका साध्या स्प्रिंगचं समीकरण. बरोबरच आहे, दोघी एका दिशेने सारख्या हलल्या तर मधली स्प्रिंग ना ताणली जाते ना दाबली. वजाबाकी केली की पुन्हा एकच साधी स्प्रिंग, पण तिप्पट कडक. दोघी समोरासमोर आल्या की मधली स्प्रिंग दोन्ही बाजूंनी दाबली जाते, म्हणजे तिचा दुप्पट जोर, आणि कडेच्या स्प्रिंगचा एकपट. मॅट्रिक्स मांडली असती तर आयगेनव्हॅल्यू आल्या असत्या १ आणि ३. वारंवारतांचं गुणोत्तर तीनचं वर्गमूळ, म्हणजे १.७३.

आयगेनव्हेक्टर म्हणजे हीच नजर: कुठल्या दिशेने बघितलं की गुंता सुटून प्रत्येक हालचाल आपापली चालू लागते. पुलाची कंपनं, रेणूंचे वर्णपट, क्वांटम मेकॅनिक्समधल्या ऊर्जेच्या पातळ्या, सगळीकडे हाच एक प्रश्न विचारलेला असतो. फ्रेंच गणिती फूरिएचीही गोष्ट हीच. त्याने १८०७ मध्ये उष्णतेच्या वहनावरचा निबंध पॅरिसमध्ये सादर केला तेव्हा लाग्रांजसारख्या दिग्गजाला तो पटला नाही आणि पुस्तक निघायला १८२२ उजाडलं. सळईतलं वेडंवाकडं तापमान साइन लहरींत फोडलं की प्रत्येक लहर इतरांना न विचारता स्वतःच्या गतीने विरते, आणि टोकदार लहरी आधी. साइन लहर ही उष्णतेच्या समीकरणाची आयगेन-दिशा आहे, एवढंच.

माझा आग्रह असा की लिनिअर अल्जिब्रा, म्हणजे हे मॅट्रिक्स आणि व्हेक्टरांचं गणित, शक्य तितक्या लवकर शिकावा, इंटिग्रेशनच्या शंभर युक्त्यांच्या आधी. त्या युक्त्या बुद्धीला व्यायाम म्हणून छान आहेत, पण प्रत्यक्षात समोर येणारी बहुतेक इंटिग्रल त्यांना दाद देत नाहीत आणि शेवटी संगणकाकडेच जातात.

व्हेक्टर कॅल्क्युलसबद्दल थोडक्यात. ग्रेडियंट म्हणजे सगळ्यांत खडा चढ कुठल्या दिशेला आणि किती. डायव्हर्जन्स म्हणजे प्रवाहात एक चिमुकली डबी धरली तर तिच्यातून निव्वळ किती बाहेर जातंय. कर्ल म्हणजे तिथे एक चिमुकली फिरकी सोडली तर ती फिरेल का. ही तीन चित्रं पक्की असतील तर गाउस आणि स्टोक्स यांची प्रमेयं जवळजवळ उघड वाटतात: शेजारशेजारच्या डब्यांची देवाणघेवाण आपसात फिटते आणि उरतो तो फक्त बाहेरच्या भिंतीवरचा हिशेब. वीज आणि चुंबकत्वावरच्या मॅक्सवेलच्या १८६५ च्या निबंधात २० समीकरणं होती. आज टी-शर्टवर छापतात ती चार समीकरणं १८८० च्या दशकात ऑलिव्हर हेविसाइडने व्हेक्टरच्या भाषेत मांडली. भौतिकशास्त्र तेच होतं, चांगल्या लिपीमुळे ते वाचता यायला लागलं.

बसायचं कसं

सोडवलेलं उदाहरण वाचून "कळलं" वाटणं हा या विषयातला सगळ्यांत मोठा चकवा. पान झाका आणि कोऱ्या कागदावर तेच उदाहरण पुन्हा करा. तिसऱ्या ओळीला अडाल, आणि जिथे अडाल तेवढंच तुम्हाला शिकायचं होतं. दुसरं, पेन उचलण्याआधी उत्तराचा आलेख काढा: कुठून सुरू होईल, कुठे जाईल, मध्ये वाकेल की झुलेल. चुकला तरी चालेल. आपला अंदाज आणि उत्तर यांतल्या तफावतीतून जे लक्षात राहतं ते घोकून राहत नाही.

चुकांची वेगळी वही ठेवा. माझ्या वहीत पहिल्या वर्षी निम्म्या चुका चिन्हांच्या निघाल्या, आणि त्यातल्या बहुतेक एकाच जागी: कंस सोडताना. हे कळल्यावर उपाय दोन मिनिटांचा होता. वही नसती तर "माझं गणित कच्चं आहे" असंच म्हणत बसलो असतो.

आणि मोजमापातल्या चुकांचं गणित टाळू नका. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ते शेवटच्या पानावर कसंबसं उरकतात, पण नोकरीत किंवा संशोधनात पहिल्या दिवसापासून लागतं ते हेच. किरणोत्सर्गी पदार्थाचे १०० ठोके मोजले तर त्यात १० चा हेलकावा अपेक्षित असतो, १०,००० मोजले तर १०० चा, म्हणजे दहा टक्क्यांवरून एक टक्का. यादृच्छिक चूक निम्मी करायची तर चौपट वेळ मोजत बसावं लागतं. हे वर्गमूळ कुणालाच चुकत नाही.

सुरुवात करायची असेल तर तेच खेळणं घ्या, दोन वस्तू आणि तीन स्प्रिंगा. कडेच्या दोन स्प्रिंगा आहेत तशाच ठेवा, मधली मात्र अगदी ढिली करा. दोन वारंवारता आता एकमेकींच्या किती जवळ येतील? पहिली वस्तू ओढून सोडली आणि दुसरी स्थिर ठेवली, तर एका मिनिटाने कोण झुलत असेल? आधी दोन वाक्यांत उत्तर लिहा, त्याखाली तारीख टाका, मग मॅट्रिक्स मांडा.